रिकाम्या रानातली राखण

दुकान माझं औशाच्या फाट्याला,
घर ओढ्यापल्याड, खोलगटात.
मधल्या अडीच एकर काळ्या रानात
वाय-फायचा जीव जायचा.

गिरिजाला जन्मापासून ऐकू येत नाही,
तिच्या धाकट्या बहिणीलाही नाही.
ती दिली देगलूरला.
दोघी हातांनी बोलतात, मोबाइल तांब्याला टेकवून,
आणि रेंज गेली की
शेवंताचे हात अर्ध्या वाक्यात थिजायचे.
एक बोट वर, तोंड उघडं.
त्या बोटापुढं काय येणार होतं
ह्याची वाट बघत बसायची गिरिजा,
एकदा तर पुरा पाऊण तास,
तव्यावरची भाकर कोळसा होईस्तोवर.

मी मोटारी भरणारा माणूस.
तांब्याची तार, सुती पट्टी, वार्निश,
एवढंच माझं शिक्षण.
लातूरहून जुना रिपीटर आणला बाराशेला,
स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण ठोकून बसवलं.
पाणी आत गेलं नाही.
बाहेरही काही आलं नाही.
जन्म गेला पत्र्या-लोखंडात हात घालून,
आणि मला हे कळू नये!

मग प्लास्टिकची बरणी, बोरीच्या खुंटाला उघड्यावर.
तिसऱ्या दिवशी वानरांनी वायर उसासारखी सोलली,
आणि गोरखनाना म्हणाले,
ह्या लुकलुकीनंच आमची म्हैस आटली.

तेव्हा लपवायचं ठरलं.
कुंभारवाड्यात कोंडाबाई मडकं पुढं करून म्हणाली, वाजवून बघ.
मी म्हणलं, आवाज नको मावशी,
भिंत पातळ पाहिजे.

श्रीखंडाच्या डब्यात रिपीटर,
डबा मडक्यात, मडकं उपडं काठीवर.
फटींना एम-सील, तोंडाला सायकलची ट्यूब.
वायरीला खाली एक वेटोळं दिलं,
पाणी आलं तर तिथंच ठिबकावं.
बुडाशी एक बारीक भोक, घाम जायला,
त्यावर जाळी, मुंग्यांना नको म्हणून.
माती पाणी पिते, ओली झाली की मुकी होते,
म्हणून बाहेरून मोटारीचं वार्निश, दोन हात.
वरून चुना, नाहीतर उन्हात शिजला असता.
माझा जुना सदरा चढवला,
पोटात फवारणी पंपाची बॅटरी,
युरियाच्या पिशवीत गुंडाळून.

तोंड गिरिजानं काढलं.
डोळ्यांआधी कान काढले तिनं,
सुपाएवढे दोन.

ज्वारी पोटऱ्यात होती तोवर कुणी काही विचारलं नाही.
बुजगावणं ते बुजगावणं.
एक साळुंकी थंडीत त्याच्या डोक्यावर फुगून बसायची.
आत ऊब होती, तिला काय भ्या?
माघातल्या अवकाळीनं सदऱ्याची बाही नेली.
डोकं कोरडं.

मग ज्वारी निघाली, कडबा गेला,
मोकळ्या रानात हा एकटाच.
नुसत्या ढेकळांची राखण करतो व्हय हो, बबरुवान?
रोज दिवेलागणीला मी जातो, वाकतो,
त्याच्या सदऱ्यात हात घालून बॅटरी बदलतो.
लांबून कुणाला काय दिसलं कोण जाणे.
एका शनिवारी बघतो तर
मडक्यावर तेल ओघळलेलं, पायाशी लिंबू,
आणि गोरखनानांची मालकीण हात जोडून,
म्हैस परत दुधावर आली म्हणून.

काय सांगायचं तिला?
तेल चालतंय काकी, म्हणलं,
फक्त नाणं चिकटवू नका कपाळाला.

आता त्याचं नाव पडलंय, हातांचं नाव:
दोन्ही तळवे गोल, मडक्यासारखे,
मग एक तळवा उघडून कानाशी.
देगलूरहून फोन लागला की
शेवंता आधी त्याची खुशाली विचारते.
माझी नंतर.
कधी विसरते.